२२९ विजय, त्यात नॉकआउट फक्त ६५: विली पेपची कारकीर्द समजून घेताना

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगच्या उपांत्यपूर्व फेरीत भारताचा निशांत देव हरला. रात्र जागून सामना बघणाऱ्या अनेकांचा एकच सवाल होता: पहिली फेरी त्याने घेतली, मारतानाही तोच जास्त दिसला, मग निकाल ४-१ असा उलटा कसा? वर्षभराने लिव्हरपूलमध्ये जैस्मिन लंबोरियाने ५७ किलो गटात जगज्जेतेपद मिळवलं, तेही ४-१ नेच. तेव्हा आनंदाच्या भरात हा सवाल कुणी विचारला नाही. पण तो होताच. पाच पंच, पाच गुणपत्रिका. त्यातल्या चौघांना एक दिसतं आणि पाचव्याला दुसरंच. हे लोक नक्की मोजतात तरी काय?

याचं उत्तर नियमपुस्तकात मिळतं, पण मनाला पटत नाही. पटवून घ्यायचं तर मी एका माणसाची कारकीर्द बघायला सांगेन. अमेरिकेचा विली पेप. जैस्मिनच्या गटाच्या जवळपास त्याच वजनाचा, १९४० च्या दशकातला व्यावसायिक बॉक्सर. त्याच्या नावावर २४१ लढती आहेत: २२९ विजय, ११ पराभव, १ बरोबरी. आणि या सगळ्या विजयांत समोरच्याला आडवं करून मिळवलेले फक्त ६५. म्हणजे दर चार विजयांतले जवळपास तीन त्याने समोरचा शेवटपर्यंत उभा असताना मिळवले. जोरदार ठोसा नसलेला माणूस या खेळातल्या थोरामोठ्यांत कसा जाऊन बसतो, हे एकदा उमगलं की पंचांच्या गुणपत्रिकाही बऱ्याच उमगू लागतात.

आधी वजनाचं बघू

फेदरवेट म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जास्तीत जास्त १२६ पौंड, किलोत सांगायचं तर ५७ किलो आणि वर थोडंसं. या गटात एका ठोशात निकाल लागण्याचं प्रमाण हेवीवेटच्या मानाने कमी असतं आणि पायांचा वेग जास्त. म्हणून फेदरवेटची चांगली लढत नीट बघितली तर कौशल्य फार स्पष्ट दिसतं. दुर्दैवाने प्रेक्षक, पैसा आणि वर्तमानपत्रांचे मथळे कायम हेवीवेटकडे गेले. पेपच्या उमेदीच्या काळात जो लुईचं नाव जगभर माहीत होतं. पेपचं नाव बॉक्सिंगच्या वर्तुळाबाहेर फारसं गेलं नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि हा लेख लिहिण्यामागे ते एक कारण आहे.

हार्टफर्डचा पोरगा

त्याचं खरं नाव गुलिएल्मो पापालेओ. जन्म १९ सप्टेंबर १९२२, कनेटिकट राज्यातल्या मिडलटाउनचा, वाढला हार्टफर्डमध्ये. आईवडील इटलीहून आलेले, घरची परिस्थिती बेताची, त्यात महामंदीचे दिवस. कनेटिकटमध्ये तेव्हा हौशी बॉक्सरलाही थोडेफार पैसे द्यायची मुभा होती, त्यामुळे शाळकरी वयातल्या पोरांनाही हातमोजे घालून घरी चार डॉलर नेता येत. १९३८ मध्ये अशाच एका हौशी लढतीत त्याच्यासमोर एक बराच वजनदार, टोपणनावाने खेळणारा मुलगा आला आणि पेप हरला. तो मुलगा पुढे शुगर रे रॉबिन्सन या नावाने जगज्जेता झाला.

जुलै १९४० मध्ये पेप व्यावसायिक झाला. व्यवस्थापक लू व्हिस्कुसी, प्रशिक्षक बिल गोर. पेपच्या अंगात जे उपजत होतं त्याला शिस्त गोरने लावली. पहिल्या ६२ च्या ६२ लढती पेपने जिंकल्या. त्यातच २० नोव्हेंबर १९४२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने चॉकी राइट या भारी ठोशाच्या, वयाने बऱ्याच मोठ्या विजेत्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवून किताब घेतला. तेव्हा त्याचं वय २० वर्षं आणि दोन महिने होतं.

इथे एक खुलासा. तेव्हाही आजच्यासारखं एकाच गटात एकाहून जास्त जगज्जेते असायचे, कारण न्यूयॉर्क राज्याचं बॉक्सिंग मंडळ वेगळा विजेता मानायचं आणि नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन वेगळा. १९४२ ला पेपला मिळाला तो न्यूयॉर्कचा किताब. दुसऱ्या संस्थेचा विजेता साल बार्टोलो याला जून १९४६ मध्ये बाराव्या फेरीत नॉकआउट करून त्याने दोन्ही किताब एकत्र आणले.

ठोसा न बसता लढत कशी जिंकतात?

आता मुख्य मुद्दा. बॉक्सिंगची लढत बहुतेकदा दोन तऱ्हांनी संपते. एक तर समोरचा पुढे लढू शकत नाही, किंवा ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होतात आणि पंच निकाल देतात. पहिल्याला नॉकआउट म्हणतात, दुसऱ्याला गुणांवरचा विजय. एक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. आज बहुतेक ठिकाणी फेरी जिंकणाऱ्याला १० गुण आणि हरणाऱ्याला साधारणपणे ९ मिळतात. पेपच्या न्यूयॉर्कमध्ये मुख्यतः फेऱ्याच मोजायचे: पंधरापैकी कोणी किती घेतल्या.

गंमत इथेच आहे. प्रत्येक फेरीचा हिशेब वेगळा होतो. एका फेरीत तुम्ही समोरच्याला बेजार केलंत आणि पुढच्या दोन फेऱ्या निसटत्या हरलात, तर कागदावर तुम्ही मागे पडू शकता, आणि बघणाऱ्याच्या लक्षात मात्र ती एकच फेरी राहते. शिवाय पंचाने नुसते ठोसे मोजायचे नसतात. ठोसा स्वच्छ बसला का, कोण कोणाला आपल्या मनासारखं खेळायला लावत होतं, कोणाचे ठोसे हवेत गेले, हेही बघायचं असतं. हुकलेला ठोसा प्रेक्षकाला आक्रमण वाटतो. जाणत्या पंचाच्या लेखी तो समोरच्याचा बचाव असतो.

खो-खो बघणाऱ्याला हे चटकन कळेल. तिथे पळतीचा खेळाडू कोणाला मारत नाही, पाडत नाही. तो फक्त सापडत नाही. हूल देतो, दिशा बदलतो, खांबाशी वळतो, आणि जितका वेळ टिकतो तितकं त्याच्या संघाचं पारडं जड होत जातं. पेप रिंगमध्ये हेच करायचा. फरक एवढाच की पळता पळता तो समोरच्याच्या तोंडावर ठोसेही मारून जायचा.

त्याची एक चाल सावकाश उलगडून बघू. समोरचा उजव्या हाताचा बॉक्सर आहे. त्याचा डावा पाय आणि डावा हात पुढे, आणि जड ठोसा मारणारा उजवा हात मागे दाबून धरलेला. पेप डाव्या हाताने त्याच्या चेहऱ्याकडे नुसती हूल देतो. पुढचा हात झटकन सरळ मारतात त्याला जॅब म्हणतात. पेप त्याची फक्त सुरुवात करतो. समोरचा दचकून हात वर घेतो, किंवा चिडून आपला जॅब फेकतो. तोवर पेपने उजवा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेरून टाकलेला असतो. डोकं चार बोटं बाजूला झुकतं, जॅब कानाजवळून निघून जातो आणि पेप त्याच्या डाव्या खांद्याच्या बाजूला पोचलेला असतो. कधी कधी कोपराला हलका रेटा देऊन तो समोरच्याला आणखी थोडा वळवतो. आता त्या माणसाचा जड हात पलीकडे अडकला आहे, मध्ये त्याचंच अंग आहे. मारायचं तर आधी दोन्ही पाय उचलून वळलं पाहिजे. तो वळतो तोवर पेपचे दोन जॅब बसलेले असतात आणि पेप पुन्हा दुसऱ्या बाजूला.

असं एकदा झालं तर विशेष काही नाही. पण एका फेरीत हे पुन्हा पुन्हा होत राहिलं की समोरच्याला आपण कुठे उभे आहोत याचाच भरवसा वाटेनासा होतो. मग तो ठोसा सोडायलाच कचरतो, आणि फेरी हातची जाते. अमेरिकेत पेपला ‘विल ओ द विस्प’ हे नाव पडलं ते यामुळेच. दलदलीवर रात्री दिसणारा, जवळ जावं तसा दूर सरकणारा उजेड, असा त्याचा अर्थ.

एकही ठोसा न मारता जिंकलेली फेरी: खरं की दंतकथा?

पेपविषयी सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट ही. जुलै १९४६, मिनियापोलिस, समोर जॅकी ग्रेव्हज. पेपने म्हणे तिसऱ्या फेरीत ठरवून एकही ठोसा मारला नाही, नुसत्या हुली दिल्या, आणि तरी पंचांनी फेरी त्यालाच दिली.

गोष्ट सुरेख आहे, पण त्या दिवसांत छापून आलेले लढतीचे वृत्तांत तिला दुजोरा देत नाहीत. खात्रीची गोष्ट एवढीच की ती लढत पेपने आठव्या फेरीत थांबवून जिंकली. ही कथा सत्य म्हणून सांगू नये, असं माझं मत आहे. मात्र ती इतकी वर्षं टिकली हेही ध्यानात घ्यायला हवं. दुसऱ्या कुठल्या बॉक्सरबद्दल अशी कथा रचली असती तर ती पहिल्याच दिवशी हसण्यावारी गेली असती.

२४१ लढती? एवढ्या शक्य तरी आहेत का?

आजच्या प्रेक्षकाला हा आकडा खोटा वाटतो. फ्लॉइड मेवेदर ५० लढती अपराजित राहिला, पण त्या ५० लढतींना १९९६ ते २०१७ अशी एकवीस वर्षं लागली. पेपने पहिल्या ६२ लढती तीन वर्षांच्या आत उरकल्या.

फरक माणसांत नव्हता, धंद्यात होता. १९४० च्या सुमारास घरोघरी टीव्ही नव्हता. बॉक्सरची कमाई म्हणजे त्या रात्रीच्या तिकीटविक्रीतला वाटा, आणि त्यातूनही व्यवस्थापक, प्रशिक्षक यांचा हिस्सा वजा. एका लढतीवर वर्ष काढण्याएवढा पैसा फार थोड्यांना मिळायचा. दुसरीकडे अमेरिकेतल्या मध्यम शहरांतसुद्धा नियमित बॉक्सिंगच्या रात्री भरायच्या आणि आयोजकांना सतत खेळाडू लागायचे. त्यामुळे महिन्याला दोन-दोन, तीन-तीन लढती ही चांगल्या बॉक्सरची नोकरीच होती. त्यातल्या बहुतेक आठ किंवा दहा फेऱ्यांच्या.

जगज्जेताही याला अपवाद नव्हता. तो वर्षभर अशा लढती खेळायचा ज्यात किताब पणाला लागलेला नसे आणि वजनही १२६ पौंडांच्या थोडं वर चालून जाई. पेपच्या २४१ लढतींपैकी किताबासाठीच्या जेमतेम पंधरा असतील. बाकी सगळी पोटापाण्याची कामं. अशा वेळापत्रकात ठोसे खाऊन जिंकणारा माणूस टिकत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा उभं राहायचं असेल तर या आठवड्यात भुवई फुटून चालत नाही. पेपच्या शैलीमागे कलेची ओढ होती तशी ही रोजीरोटीची गरजही होती, असं मला वाटतं.

‘दुबळ्यांना हरवून आकडे फुगवले असतील’

हा आक्षेप रास्त आहे आणि काही अंशी खराही. पहिल्या साठ-बासष्ट प्रतिस्पर्ध्यांत कितीतरी साधे, स्थानिक बॉक्सर होते. तेव्हा कोणत्याही होतकरू मुलाला असंच चढवत नेलं जाई.

पण उरलेल्यांची नावं बघा. चॉकी राइटला त्याने एकाहून जास्त वेळा हरवलं, बार्टोलोलाही. आणि १९ मार्च १९४३ ला त्याला पहिल्यांदा हरवणारा सॅमी अँगॉट कोण होता? वरच्या, म्हणजे लाइटवेट गटाचा माजी जगज्जेता, मिठी मारून समोरच्याचे हात जखडण्यात वाकबगार. सापडतच नाही त्याला आधी धरा, हा त्याचा साधा उपाय. दहा फेऱ्यांनंतर निकाल निसटता अँगॉटच्या बाजूने गेला.

त्यानंतर पेप सलग ७३ लढती अपराजित राहिला. त्यात एकच बरोबरी. मधल्या काळात महायुद्ध चालू होतं आणि तो काही महिने नौदलात, पुढे लष्करातही होता. ऑक्टोबर १९४८ पर्यंतचा त्याचा हिशेब १३४ विजय, १ पराभव, १ बरोबरी असा होता. दुबळे प्रतिस्पर्धी कितीही निवडले तरी एवढ्या लढतींत एखादी वाईट रात्र येतेच: सर्दी, दुखरा हात, झोप न होणं, पक्षपाती पंच. आठ वर्षांत अशी रात्र एकदाच आली, हे नुसत्या निवडीचं फळ असू शकत नाही.

विमान अपघात

जानेवारी १९४७ मध्ये मायामीहून परतताना पेपचं विमान न्यू जर्सीत मिलव्हिलजवळ कोसळलं. विमानातले काही जण दगावले. पेपचा पाय मोडला, पाठीचे दोन मणके तडकले. छातीपासून खाली प्लास्टर. ज्याचा सगळा खेळ पाय आणि कंबर यांच्यावर उभा, त्याला नेमकं तिथेच लागलं होतं.

जूनमध्ये तो पुन्हा रिंगमध्ये होता. हार्टफर्डला दहा फेऱ्या खेळून जिंकला. ऑगस्टमध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट इथे जॉक लेस्लीविरुद्ध किताब राखला, तोही नॉकआउटने. यानंतरचा पेप पूर्वीचा उरला नव्हता, असं त्याला आधीपासून बघणारे सांगत. असेलही. पण माझ्या मते अपघाताचा दाखला जपून द्यावा, कारण पुढे जे घडलं त्याचं सगळं श्रेय अपघाताला दिलं तर दुसऱ्या एका मोठ्या बॉक्सरवर अन्याय होतो.

सॅडलर चारपैकी तीनदा जिंकला. मग मोठा कोण?

सँडी सॅडलर. जन्म बॉस्टनचा, वाढला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. पेपहून तीनएक इंच उंच, लांब हातांचा, आणि या वजनात क्वचित आढळणारी ताकद असलेला. १४४ विजयांपैकी १०३ नॉकआउट. पेपच्या विजयांत नॉकआउट २८ टक्के, सॅडलरच्या ७१. दोघांच्या चार लढतींचं सारं नाट्य या दोन आकड्यांत आहे.

२९ ऑक्टोबर १९४८ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सगळे पेपच जिंकणार असं धरून चालले होते. सॅडलरने त्याला तिसऱ्या फेरीत दोनदा पाडलं आणि चौथ्या फेरीत संपवलं. हरवणं तर सोडाच, पेपची अशी मोडतोड कोणी करू शकेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

११ फेब्रुवारी १९४९ ला त्याच रिंगमध्ये पुन्हा लढत झाली, एकोणीस हजारांवर प्रेक्षकांसमोर. पेपच्या संपूर्ण कारकिर्दीतली एकच रात्र दाखवायची तर मी ही दाखवेन. पहिल्या फेऱ्यांत त्याने जॅबचा नुसता पाऊस पाडला आणि सॅडलरला हात सोडायला अंतरच मिळू दिलं नाही. पण सॅडलर थांबणारा नव्हता. मधल्या आणि शेवटच्या फेऱ्यांत त्याने पेपला गाठलं, हादरवलं, दोन्ही डोळ्यांभोवतीची कातडी फोडली. त्या रात्री पेपचं खरं मोठेपण दिसलं, कारण पळता येत नव्हतं तेव्हा तो उभा राहून लढला, आणि श्वास परत आला की पुन्हा सरकू लागला. पंधरा फेऱ्या संपल्यावर रेफ्री आणि दोन्ही पंच, तिघांनीही निकाल पेपच्या बाजूने दिला. ‘द रिंग’ मासिकाने ती त्या वर्षीची सर्वोत्तम लढत ठरवली.

तिसरी लढत सप्टेंबर १९५० मध्ये यँकी स्टेडियमवर. गुणांवर पेप पुढे होता. सातव्या फेरीनंतर तो कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठला नाही. मिठीतल्या ओढाताणीत त्याचा खांदा निखळला होता. चौथी सप्टेंबर १९५१ मध्ये पोलो ग्राउंड्सवर, आणि ती कुणीही आदर्श म्हणून दाखवू नये. अंगठा डोळ्यात, डोक्याने धडक, मानेला हात घालून पाडापाडी. दोघंही करत होते. नऊ फेऱ्यांनंतर डोळ्याच्या जखमेमुळे पेपने लढत सोडली. न्यूयॉर्कच्या मंडळाने नंतर पेपचा परवाना रद्द केला आणि सॅडलरला निलंबित केलं.

मग मोठा कोण? समोरासमोर सॅडलर सरस ठरला, यात वाद घालायला जागा नाही. पेपच्या चाहत्यांनी दर वेळी अपघात, खांदा, डोळा अशी कारणं पुढे करू नयेत. खांदा निखळला तोही सॅडलरच्याच हातांत. सॅडलर हा उंची, पल्ला आणि ताकद मिळून पेपच्या शैलीवरचा नेमका उतारा होता, आणि त्याला धरून मारण्याचा संकोच नव्हता. पण तोच सॅडलर एकूण १६ वेळा हरला, बहुतेक वेळा पेपहून कमी प्रतीच्या लोकांकडून. उलट १९४० ते १९५१ या काळात पेपला हरवणारी माणसं दोनच: अँगॉट आणि सॅडलर. एका विशिष्ट माणसासमोर कोण टिकलं आणि सगळ्यांसमोर कोण टिकलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर माझ्या लेखी पेप आहे.

मग वेळेवर थांबला का नाही?

कारण थांबून करणार काय? पेपने कमावलेला पैसा टिकला नाही, लग्नं सहा झाली, आणि दुसरं कुठलं काम त्याने कधी शिकलंच नव्हतं. १९५२ पासून पुढे तो आणखी सात वेळा हरला. फेब्रुवारी १९५४ मध्ये लुलू पेरेझने त्याला दुसऱ्याच फेरीत संपवलं आणि त्या निकालाबद्दल कुजबुज सुरू झाली. १९८० मध्ये एका क्रीडा मासिकाने ती लढत ठरवून हरल्याचं सुचवलं. पेपने अब्रुनुकसानीचा दावा लावला, पण ज्युरीने निकाल त्याच्या विरोधात दिला. आरोप त्याने कधीच मान्य केला नाही.

सप्टेंबर १९५८ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तो बॉस्टनला नायजेरियाच्या होगन बॅसीसमोर उभा राहिला. बॅसी तेव्हाचा जगज्जेता. किताब मात्र पणाला नव्हता. आठ फेऱ्या पेपने त्याला खेळवलं, गुणांवर तो पुढेही होता, आणि नवव्या फेरीत आडवा झाला. डोक्याला सगळं कळत होतं, पाय ऐकत नव्हते. १९५९ ला तो थांबला, १९६५ ला पुन्हा उतरला, आणि मार्च १९६६ मध्ये शेवटची लढत हरला तेव्हा ४३ वर्षांचा होता.

पुढे तो रेफ्री झाला. जुलै १९६९ मध्ये सिडनीला जॉनी फेमचोन आणि जपानचा फायटिंग हराडा यांच्या किताबी लढतीत तोच रेफ्री आणि तोच एकमेव पंच होता. शेवटच्या घंटेनंतर पेपने दोघांचेही हात वर केले: बरोबरी. मग त्याची गुणपत्रिका पुन्हा तपासली, तर बेरीज फेमचोनच्या बाजूने एका गुणाने जास्त निघाली. फेमचोनला त्या रात्री हराडाने खाली पाडलं होतं, त्यामुळे प्रेक्षक भयंकर चिडले. फेऱ्या समजणारा त्याच्याएवढा जाणकार शोधून सापडला नसता, आणि तरी एकट्या माणसावर सगळा निकाल सोपवला की काय होतं ते तिथे दिसलं. तीन किंवा पाच पंच असण्यामागचं कारण हेच. ४-१ हा निकाल बघून घोटाळा झाला असं लगेच म्हणू नये. रिंगच्या वेगवेगळ्या बाजूंना बसलेल्या माणसांना एकच ठोसा सारखा दिसत नाही.

इतका बचाव करूनही मेंदू वाचला नाही?

पेपची शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. २३ नोव्हेंबर २००६ ला कनेटिकटमधल्या रॉकी हिल इथे तो वारला. सॅडलर त्याच्या आधी, सप्टेंबर २००१ मध्ये गेला; त्यालाही हाच आजार होता. ठोसे चुकवणारा आणि ठोसे मारणारा, दोघेही एकाच वाटेने गेले.

कोणा एकाच्या आजाराचं कारण बाहेरून ठरवता येत नाही. म्हातारपणी स्मृतिभ्रंश बॉक्सिंग न खेळलेल्यांनाही होतो. पण डोक्यावरच्या वारंवार आघातांनी बॉक्सरच्या मेंदूला कायमची इजा होते, हे हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. म्हणजे पेपने पहिला हातमोजा चढवण्याआधीच हे माहीत होतं. इजा एका मोठ्या नॉकआउटनेच होते असंही नाही. सरावात रोज बसणारे मध्यम ठोसे साचत जातात. पेपच्या २४१ लढतींमागे सरावाच्या किती फेऱ्या असतील त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्याने लढतींत टाळलेले ठोसे खूप होते. पण सव्वीस वर्षांत न टाळता आलेलेही थोडे नव्हते.

हलक्या वजनात धोका नसतो, ही समजूतही चुकीची आहे. फेदरवेटचाच जगज्जेता डेव्ही मूर मार्च १९६३ मध्ये लॉस एंजलिसला शुगर रामोसशी लढल्यानंतर चार दिवसांनी मरण पावला. १९८२ मध्ये कोरियाचा डुक कू किम याच्या मृत्यूनंतर किताबी लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणायला सुरुवात झाली. आजचे बॉक्सर वर्षाला दोन-तीनदाच खेळतात, नॉकआउट झाल्यावर त्यांना सक्तीची रजा मिळते, मेंदूची तपासणी होते. हे सगळं पेपच्या पिढीला मिळालं नाही.

आपल्याकडे आता गावोगाव मुलं-मुली बॉक्सिंगकडे वळताहेत. त्यांच्या आईवडिलांनी प्रशिक्षकाला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: सरावात डोक्यावर ठोसे किती दिवस आणि किती जोराने चालतात, आणि पायांचा व्यायाम किती होतो. पेप आणि सॅडलरच्या लढतींची चित्रणं आज सहज बघायला मिळतात. १९४९ ची लढत मुलांना दाखवताना हातांआधी पेपच्या पायांकडे बघायला सांगा. सॅडलरचा उजवा हात सुटायच्या आधीच तो पाय हललेला असतो.